देवमाशांची रजा

३ मार्च

प्रिय वन्सं,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण कंबर धरली आहे. तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकारावा. नणंद वयाने धाकटी असली तरी तिचा मान मोठा, असं लग्नात मला चारचौघींनी बजावलं होतं. तू तेव्हा शाळेच्या गणवेशात माझ्या पर्समधल्या गोळ्या लांबवत होतीस, हा भाग वेगळा.

तुझं पत्र काल पोचलं. कागदाला अजून खारट वास आहे. ‘बोटीच्या टोकावर उभी राहिले, हवेच्या दाबाची बंदूक खांद्याला लावली, थोरली श्वास घ्यायला वर आली तशी तिच्या पाठीत टॅग मारला,’ हे तू अशा सुरात लिहिलं आहेस, जणू इस्त्रीचे कपडे आणून कपाटात ठेवले. मी वाचताना खुर्चीत मागे मागे सरकत होते. चाळिशीच्या बाईने डुलत्या बोटीच्या टोकावर उभं राहून घराएवढ्या जनावराला डिवचावं, याला धाडस म्हणत नाहीत. जे म्हणतात ते पत्रात लिहिता येत नाही.

वर्गात सहज बोलून गेले की आमच्या वन्सं देवमाशांवर पाळत ठेवतात. एकीने विचारलं, ‘मॅडम, संस्कृतात देवमाशाला काय म्हणतात?’ म्हटलं, तिमिंगिल. तिमी नावाच्या मोठ्या माशाला गिळणारा. आणि तिमिंगिलालाही गिळणारा आहे, तो तिमिंगिलगिल. आपल्या पूर्वजांनी समुद्र कितपत पाहिला होता कोण जाणे, पण कोण कोणाला गिळतो याची उतरंड त्यांना पाठ होती. दरबारी नोकऱ्या करून कळली असणार. वर्ग हसला. म्हणजे तिघीजणी हसल्या. चौथी पंख्याखाली बसायला येते.

तुझा दादा मात्र सुधारतो आहे. परवा जेवताना आपणहून विचारलं, ‘तिचे मासे जूनमध्ये नसतात ना गं तिथे?’ इतक्या वर्षांत त्याने तुझ्या माशांची विचारपूस केल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, ‘बहिणीची आठवण येतेय वाटतं.’ तो ‘हं’ म्हणाला. त्याच्या ‘हं’वर भाष्य लिहायला एखादा आचार्य लागेल, मी आपला त्याचा अर्थ माया असा लावला.

तो म्हणतो फोन करत जा. तुझ्या संशोधन केंद्रावर फोन एकच, तोही साहेबांच्या टेबलावर, आणि साहेब बसलेले कान टवकारून. आपलं पत्रच बरं.

तुझी,
वहिनी


१९ मार्च

प्रिय वहिनी,

दादाला माझी आठवण येत नाहीये. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे ना, तो येत्या जून ते ऑगस्टात, प्रवासी बोटी बंद असताना, मोठ्या तराफ्यावरून सुरुंग लावून फोडायचा ठरला आहे. त्या कामाचा मुख्य अभियंता तुझा नवरा आहे. त्याने तुला हे सांगितलं नसणार, नाहीतर तू मला एवढं गोड पत्र लिहिलं नसतंस.

परवानगीसाठी आमच्या केंद्राचा अहवाल लागतो. अहवाल लांबलचक आहे, पण सगळ्यांना हवं आहे त्यातलं एकच वाक्य: ‘देवमासे मेअखेर हे पाणी सोडून जातात आणि नोव्हेंबरपर्यंत परतत नाहीत.’ त्याखाली माझी सही. माझीच, कारण टॅगचं काम माझ्याकडे आहे.

हे वाक्य खोटं असलं तर काय होईल ते सांगते. देवमासा डोळ्यांनी जगत नाही, कानांनी जगतो. वाट, सोबत, पोर, सगळं तो आवाजावर शोधतो. सुरुंग जवळ फुटला तर मरतो. लांब फुटला तर बहिरा होतो, आणि मग मरायला वेळ लागतो एवढंच.

टॅगचं म्हणशील तर युक्ती साधी आहे. पाठीवर बोटभर अँटेना राहते. देवमासा श्वासासाठी वर आला की टॅग उपग्रहाला हाक मारतो, आणि माझ्या पडद्यावर एक ठिपका उमटतो. ठिपक्याला ठिपका जोडला की त्याची वाट दिसते. टॅग फार तर अडीच-तीन महिने टिकतो. कधी बॅटरी संपते, कधी तो गळून पडतो. फेब्रुवारी-मार्चात समुद्र शांत, म्हणून तेव्हाच लावतो. मे संपेतो सगळे गप्प होतात. मग शेवटच्या ठिपक्यापासून खोल समुद्राकडे एक बाण काढायचा, ही इथली जुनी पद्धत. त्याच सुमारास आम्ही बोटी वर ओढतो, केंद्राला कुलूप लावतो आणि आपापल्या घरी जातो. खवळलेल्या महिन्यांत केंद्रात कोणी राहत नाही. नोव्हेंबरात येऊन बघावं तर थोरली, धाकटी, फाटक्या शेपटीची, सगळ्या परत हजर.

अहवालात चूक काही सापडत नाही. साहेब रोज विचारतात, झाली का सही? पेन उचलते आणि परत ठेवते. का, ते माझं मलाच कळत नाही. तुला कळलं तर कळव.

तुझी,
वन्सं (तूच पाडलेलं नाव, आता भोग)


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुझं पत्र मी तुझ्या दादाच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने वाचलं, घडी घातली आणि भात कालवत म्हणाला, ‘ऑफिसच्या गोष्टी मी घरी आणत नाही.’

मी म्हटलं, ‘मग घरच्या गोष्टी ऑफिसात का नेतोस? तिचे मासे जूनमध्ये असतात का, हे माझ्याकडून काढून घेत होतास ना?’

‘अगं, सहज विचारलं.’

‘तू सहज काही विचारत नाहीस. लग्नाआधी मला सहज विचारलं होतंस की तुला भूमिती आवडते का.’

यावर तो ‘हं’ म्हणाला. या ‘हं’चा अर्थ माया नव्हता.

तर मी त्याच्यावर रागावले आहे, आणि माया शोधत बसले म्हणून स्वतःवरही. पण ते राहू दे. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं आणि एका गोष्टीचं फार हसू आलं. तुम्ही मेअखेर कुलूप लावता, तर देवमासेही मेअखेरच निघतात. नोव्हेंबरात तुम्ही कुलूप काढता, तर ते दाराशी हजर! केवढी ही शिस्त! रजेचा अर्ज साहेबांकडेच देतात का गं? आमच्या प्राचार्यांची अशीच एक श्रद्धा आहे: ते रजेवर असतात तेव्हा कॉलेज नसतंच. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, ‘सर, तुम्ही नसतानाही आम्ही शिकवतो.’ त्यांना ते फारसं पटल्याचं दिसलं नाही.

असो. मला समुद्रातलं काही कळत नाही. सही करायची असेल तर कर, नसेल तर नको; पण पेन असं उचलत-ठेवत राहू नकोस, शाई वाळते.

तुझी,
वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

तू हसलीस. मी हसले नाही. रजेच्या अर्जावर आले आणि पत्र हातात तसंच घेऊन नकाशांच्या कपाटाशी गेले.

काही वर्षांपूर्वी आम्ही टॅग डिसेंबरातच लावले होते. मार्चमध्ये वादळात इथला धक्का मोडला, म्हणून बोटीही तेव्हाच वर ओढल्या आणि केंद्र लवकर बंद केलं. त्या वर्षीचा नकाशा उघडला. त्यात देवमासे मार्चमध्येच गेले आहेत! खाली टीप आहे: ‘पाणी लवकर तापल्यामुळे या वर्षी स्थलांतर लवकर झाले असावे.’ मोडका धक्का दुरुस्त झाला, ही टीप राहिली.

कळतंय का तुला? इतकी वर्षं आम्ही स्थलांतर नोंदवत आलो ते आमचं स्वतःचं. टॅग गप्प झाला, त्याला आम्ही ‘गेली’ म्हटलं. बोट वर ओढली, त्याला ‘समुद्र रिकामा’ म्हटलं. आणि मेमध्ये टॅग कधीच लावला नाही, कारण देवमासे निघायच्या बेतात असताना टॅग कोण वाया घालवणार?

त्या थांबतात असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. एवढंच मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘माहीत नाही, हे वाक्य अहवालात छापता येत नाही.’

‘का नाही?’

‘बाई, तुम्ही दमला आहात. चार दिवस घरी जाऊन या.’

काल दादाचाही फोन आला. साहेब शेजारीच उभे. दादा म्हणाला, ‘तुझ्या एका सहीसाठी सगळं काम अडलंय.’ मी म्हटलं, ‘अडू दे.’ तो म्हणाला, ‘लहानपणापासून तू अशीच.’ मी म्हटलं, ‘मग नवीन काय सांगतोस?’ आणि ठेवून दिला. साहेब खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे कान आमच्याकडेच होते.

सही करत नाहीये. लेखी कळवलं आहे. कपाटात अजून एक टॅग शिल्लक आहे. तो मी मेअखेर लावणार, दर चार दिवसांनी एकदाच हाक मारेल असा बसवून, म्हणजे बॅटरी पुरेल. साहेबांनी नाही म्हटलं आहे. बघू.

तुझी,
वन्सं


३० एप्रिल

प्रिय वन्सं,

आधी दुसऱ्या बाजूची हकिकत ऐक, कारण ती तुला कोणी सांगणार नाही.

मी तुझ्या दादाला तुझा मोडका धक्का वाचून दाखवला आणि वर आमच्या शास्त्रातलं एक प्रकरण ऐकवलं. ‘अनुपलब्धी’ म्हणतात त्याला. एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असं म्हणायला परवानगी आहे. पण एका अटीवर. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती आधी पाहिजे. उजेड पाहिजे, डोळे पाहिजेत, आणि बघणारा जागेवर पाहिजे. अंधाऱ्या खोलीच्या बाहेर उभं राहून ‘आत घडा नाही’ म्हणणाऱ्याला आमच्या पंडितांनी दारातूनच परत पाठवलं असतं. ‘आणि तुमचा माणूस तर,’ मी म्हटलं, ‘खोलीला कुलूप घालून गावाला गेला आहे!’

तो उठला. हात न धुताच खिडकीशी जाऊन उभा राहिला.

‘तू आणि तुझा घडा,’ तो म्हणाला. ‘त्या खडकावर प्रवासी बोट चढली तेव्हा मी कमरेएवढ्या पाण्यात होतो, ठाऊक आहे ना? माणसं हातात देत होतो वरच्यांच्या. एका म्हातारीने माझा हात सोडायलाच नकार दिला. ती अजून मला दिसते. पुढच्या वर्षी दुसरी बोट चढली तर तिच्यातल्या माणसांच्या नातेवाइकांना काय सांगू? आमच्याकडे शास्त्रार्थ चालू आहे?’

वन्सं, मी त्याला हात पुसायला पंचा नेऊन दिला.

शेवटी मी एवढंच म्हटलं, ‘खडक काढू नको असं ती म्हणत नाही. त्या तिथे नाहीत असं खोटं सांगून काढू नको म्हणतेय.’

‘खोटं कशावरून?’

‘खरं कशावरून?’

मग आम्ही दोघंही आपापल्या पुस्तकात तोंड घालून बसलो. त्याचं उलटं धरलेलं होतं. मी सांगितलं नाही.

तुझ्या दादाला वाईट समजू नकोस. आणि टॅग लाव. दोन्ही एकदमच सांगते आहे, कारण दोन्ही मला एकदमच वाटतं आहे. साहेबांचा हुकूम मोडताना बोटीच्या टोकावर नीट उभी राहा, एवढी एक वडीलकीची सूचना.

तुझी,
वहिनी


३ जून

प्रिय वहिनी,

लावला. धाकटीला.

सकाळी निघालो तेव्हाच लाटा उठायला लागल्या होत्या. तांडेल, म्हणजे आमची बोट चालवणारा, सुकाणू धरून म्हणाला, ‘बाई, साहेबांनी निघायला सांगितलंय ना?’

‘हो.’

‘मग आपण चाललोय कुठे?’

‘निघालोच आहोत की.’

तो इतका हसला की बोट वाकडी गेली. पुढे मात्र हसायला कोणाला फुरसत नव्हती. धाकटी तीनदा वर आली आणि तीनदा मधे लाट. चौथ्यांदा ती अगदी शेजारी उठली, तिच्या श्वासाचा फवारा माझ्या तोंडावर आला (कुजक्या कोबीसारखा वास, वहिनी, तुझ्या पूर्वजांनी हे कुठे लिहिलेलं दिसत नाही), आणि मी चाप ओढला. टॅग पाठीवरच्या परामागे बसला. ती दचकली, शेपटी आपटली, आम्ही दोघं नखशिखांत भिजलो. तांडेल ओरडला, ‘लागला?’ मी ओरडले, ‘लागला!’ आणि मग खोलीएवढ्या बोटीत आम्ही दोघं वेड्यासारखे ओरडतच होतो.

एकतीस तारखेला चाव्या जमा करायच्या होत्या. मी केल्या नाहीत. साहेब गाडीत बसताना म्हणाले, ‘उद्यापासून तुम्ही इथे आहात हे केंद्राला माहीत नाही.’ मी म्हटलं, ‘सर, केंद्राला बऱ्याच गोष्टी माहीत नाहीत.’ ही तुझी संगत. वीज तोडली आहे; छतावरच्या सौर पाट्यांवर एक संगणक चालतो. तांडेलाचं घर फाटकापलीकडेच आहे. तो म्हणतो मला कोण काढणार.

आता वाईट बातमी. लावला त्या दिवशी एक ठिपका आला. त्यानंतर हाक मारायचा दिवस आला आणि गेला, पण पडदा कोरा. टॅग गळला असेल. बिघडला असेल. किंवा ती खरंच निघून गेली असेल; साहेब बरोबर असतील आणि मी इथे अंधारात बसून मूर्ख ठरत असेन. हेही लिहायला हवं, नाहीतर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

अहवालावर शेवटी साहेबांनी स्वतःच सही केली. सतरा तारखेला बंदरावर जाहीर सुनावणी आहे; केंद्राच्या नोकरांना तिथे बोलायची बंदी आहे, तेव्हा मी नसेन. तू जाऊ नकोस. हातात पुरावा काही नाही, आणि मंचावर दादा असेल. माझ्या भांडणाची किंमत तुझ्या घराने द्यावी असं मला वाटत नाही.

तुझी,
वन्सं


२० जून

प्रिय वन्सं,

गेले.

तुझी आज्ञा मोडली, पण आज्ञा मोडण्यात तुझाच कित्ता गिरवते आहे, तेव्हा बोलायला तुला जागा नाही.

बंदराचं सभागृह म्हणजे पूर्वीचं गोदाम. पत्र्याचं छप्पर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि एक ध्वनिक्षेपक, जो फक्त नको तिथे ओरडतो. मंचावर मधोमध अध्यक्षबाई, चष्मा साखळीला लावलेल्या, झोपल्यासारख्या दिसणाऱ्या पण अजिबात न झोपलेल्या. एका बाजूला तुझे साहेब, दुसऱ्या बाजूला तुझा दादा, मीच इस्त्री केलेल्या शर्टात. मी तिसऱ्या रांगेत बसले. त्याने मला पाहिलं आणि समोरचा पाण्याचा पेला उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

साहेबांनी नकाशा लावला. बाण सुरेख होते. सगळे एका दिशेने, कवायतीतल्या पोरांसारखे. बोलून झाल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘कोणाला काही विचारायचंय?’ मी उभी राहिले.

साहेबांनी तेवढ्यात विचारलं, ‘बाई, आपण शास्त्रज्ञ आहात का?’

‘नाही. मी संस्कृत शिकवते. पण घाबरू नका, प्रश्न मराठीत आहे.’

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी विचारलं, ‘टॅग बंद पडला तर पडद्यावर काय दिसतं?’

‘ठिपका येत नाही.’

‘आणि देवमासा निघून गेला तर?’

‘निघून गेला तर... जाताना ठिपके दिसतात.’

‘या नकाशात असे जातानाचे ठिपके किती आहेत?’

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं. ‘बाण आहेत ना.’

‘बाण तुम्ही काढलेत. मी ठिपके विचारतेय.’

ते म्हणाले, हा तांत्रिक विषय आहे, इथे वेळ नको. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘मला वेळ आहे.’ मग मी शेवटचा प्रश्न विचारला: जून ते ऑक्टोबर, एवढ्या वर्षांत, त्या पाण्यावर कोणी पाहायला गेलं होतं का?

साहेब म्हणाले, त्या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो. मी म्हटलं, तो कसा असतो हे मी विचारलं नाही. ते म्हणाले, केंद्राची परंपरा अशी आहे. मी उभीच. शेवटी अध्यक्षबाई दादाकडे वळल्या. ‘मुख्य अभियंता, निदान तुमच्या खात्यातून कोणी गेलं होतं?’

वन्सं, तो सुटू शकला असता. ‘फाइल बघून सांगतो’ एवढं म्हणायचा अवकाश. आख्खं खातं त्याच वाक्यावर चालतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्या नजरेने तो काही बोलला असं मला नको होतं. मी ध्वनिक्षेपकाच्या वायरकडे पाहत होते.

तो उठला. ‘नाही,’ म्हणाला. ‘कोणी गेलेलं नाही. मीही नाही. समुद्र रिकामा आहे हे आम्ही गृहीत धरलं.’ आणि मग माझ्याकडे बघून, जरा मोठ्यानेच, ‘पण खडक काढायलाच पाहिजे!’

यंदाचं काम थांबलं आहे. त्या महिन्यांत पाहणी करून अहवाल द्या, तोवर सुरुंग नाहीत, असा निर्णय झाला. साहेब मला नमस्कार न करता गेले. मीही त्यांना शोधत बसले नाही.

हातात पुरावा नाही म्हणून जाऊ नको म्हणालीस. पुरावा असता तर मला तो मांडावा लागला असता, आणि मला तो मांडता आला नसता. नव्हता, म्हणून विचारता आलं.

घरची स्थिती: आम्ही बोलत नाही. म्हणजे ‘मीठ दे’ आणि ‘दूध उतू जातंय’ एवढी सूत्रं चालू आहेत, भाष्य बंद. आज सकाळी तो बॅग भरून निघाला. ‘कुठे?’ ‘कामावर.’ काम तर थांबलं आहे. बॅगेत रेनकोट होता आणि माझ्या वडिलांची दुर्बीण. मी आणखी विचारलं नाही. रागावून घर सोडलं असेल तर सोडू दे. काळजी वाटते, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण प्रश्न मागे घेणार नाही. चूक असता तर घेतला असता.

तुझी,
वहिनी


२ जुलै

प्रिय वहिनी,

दादाने घर सोडलेलं नाही. तो इथे आहे. माझ्या समोर टेबलावर पाय ठेवून बसला आहे आणि मी काय लिहिते ते उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करतो आहे. उलटं वाचायची त्याला सवय आहेच, असं तुझ्याकडून कळलं.

आला तो चिंब भिजून. फाटकातून आत येताच म्हणाला, ‘हे बघ, मी भांडायला आलो नाही.’

‘मग?’

‘बघायला. कोणी गेलं नव्हतं असं भर सभेत माझ्याकडून वदवून घेतलं तुझ्या वहिनीने. आता जायला नको?’

तुला कळवलं का, असं विचारलं तर म्हणाला, ‘कळवण्यासारखं काही झालं की कळवीन.’ असा हा माणूस. तू कसा सांभाळतेस?

तेव्हापासून तो, मी आणि तांडेल रोज कड्यावर. होडी पाण्यात घालायची सोय नाही, वारा उभं राहू देत नाही. दादा दुर्बीण लावून बसतो आणि दर पाच मिनिटांनी ओरडतो, ‘ते बघ! ते बघ!’ तांडेल शांतपणे म्हणतो, ‘लाट, साहेब.’ थोड्या वेळाने पुन्हा ‘ते बघ!’, ‘लाट, साहेब.’ पहिल्या संध्याकाळपर्यंत दादाचा घसा बसला होता.

मधेच टॅग बोलला. धाकटी! बंदराच्या तोंडापासून फार लांब नाही. मी साहेबांना गावातून फोन केला. ते म्हणाले, ‘एक ठिपका म्हणजे काय, चुकूनही येतो.’ खरं आहे, येतो. त्यानंतर हाकेच्या दिवशी दुसरा आला. साहेब म्हणाले, ‘एखादी आजारी मागे राहिली असेल.’ मी म्हटलं, ‘सर, हे वाक्य छापता येतं का?’ त्यांनी फोन ठेवला.

आणि काल दुपारी दादा एकदम गप्प झाला. ओरडला नाही. दुर्बीण तांडेलाच्या हातात दिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘ही लाट नाही ना?’

तांडेलाने बघितलं. दुर्बीण माझ्या हातात दिली. फवारा, मग काळी पाठ, मग पुन्हा फवारा. पाठीवर टॅग नव्हता. धाकटी नाही, दुसरीच कोणी. तिच्यामागे आणखी एक. बंदराच्या तोंडाशी, त्या खडकाच्या अंगाला, जिथे या महिन्यात सुरुंग भरले जाणार होते तिथे, त्या दोघी सावकाश चालल्या होत्या.

दादाने दुर्बीण मागून घेतली आणि पुन्हा डोळ्यांना लावली. मग म्हणाला, ‘खडक मी काढणारच.’

‘काढ.’

‘बुडबुड्यांची भिंत करतात म्हणे पाण्यात. आवाज अडतो.’

‘काही अडतो. सगळा नाही.’

‘आणि सुरुंगाआधी तू पाण्यात माइक सोडून ऐकून सांगायचं, जवळ कोणी आहे का.’

‘आणि मी आहे म्हटलं तर?’

‘तर थांबेन.’

‘किती वेळ?’

‘हे बघ, तू फार ताणतेस!’ तो खेकसला. मीही खेकसले. तांडेल म्हणाला, दोघं खाली जाऊन भांडा, इथून पडाल. मिटलेलं काही नाही, वहिनी. तो वेळ मोजून मागतो आहे आणि मी मोजून देत नाहीये. कदाचित नोव्हेंबरपर्यंत आम्ही हेच भांडत बसू. पण त्या तिथे नाहीत, असं तो आता म्हणत नाही.

साहेबांनी आता नोटीस पाठवली आहे, केंद्र तात्काळ रिकामं करा म्हणून. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी कालची वेळ आणि जागा लिहून त्यांनाच परत पाठवली. दादाने खाली सही केली. मी सांगितलं नव्हतं.

तुझ्या कॉलेजातून रजा मिळाली तर ये. गरम कपडे आण, दादाचे पायमोजे आण, आणि तुझी ती अनुपलब्धी तांडेलाला एकदा समजावून सांग. मी सांगितली तर तो म्हणाला, ‘हे सांगायला पुस्तक लागतं?’ येताना फाटकावर साहेबांनी लावलेली पाटी दिसेल: ‘हंगाम संपल्यामुळे केंद्र बंद. आत कोणी नाही.’ आम्ही ती काढलेली नाही. तू सरळ दार वाजव.

तुझी,
वन्सं